छापील अंकातून संकेतस्थळाकडे : दुवे, जुने अंक, वर्गणी, जाहिराती

ओळंबा

वृत्तपत्र किंवा नियतकालिक डिजिटल करायचं ठरलं की पहिली बैठक हमखास ॲपवर होते. ॲपचं नाव, ॲपचा रंग, उद्घाटनाची तारीख. माझ्या मते हा क्रम पार उलटा आहे. आधी लेखांचे दुवे टिकतील अशी सोय, मग जुन्या अंकांचा साठा, मग वाचकाशी थेट संबंध म्हणजे लॉगिन आणि ईमेल, त्यानंतर पैसे. ॲप सगळ्यात शेवटी.

जे आपल्या मालकीचं नाही त्यावर धंदा उभारला, की मालकाचं मन फिरलं त्या दिवशी आपण उघड्यावर. फेसबुकने २०१५ मध्ये 'इन्स्टंट आर्टिकल्स' आणलं. प्रकाशकांनी त्यासाठी साचे बनवले, माणसं लावली, आणि २०२३ मध्ये ते बंद झालं. व्हिडिओचीही तीच गत. पाहण्याचा सरासरी वेळ फुगलेला दिसत होता हे फेसबुकने २०१६ मध्ये मान्य केलं, कारण ३ सेकंदांच्या आत निघून गेलेले लोक हिशेबातच नव्हते. गूगलच्या 'टॉप स्टोरीज'मध्ये येण्यासाठी मोबाइलवर एएमपी (झटपट उघडणाऱ्या पानांचा गूगलचा साचा) लागायचं, ती अट २०२१ मध्ये गेली. आता ज्यांची पानं फक्त एएमपीत आहेत त्यांनी ती मूळ पत्त्यांवर परत आणायची.

तर सुरुवात दुव्यांपासून. जुन्या सीएमएसवरून (मजकूर चढवायच्या आणि सांभाळायच्या प्रणालीवरून) नव्यावर जाताना सर्वांत जास्त नुकसान इथे होतं.

जुन्या पत्त्यांची यादी फक्त डेटाबेसमधून काढू नका. तिथे आज असलेले लेख मिळतात, पण पूर्वीच्या एखाद्या स्थलांतरातले पत्ते, मोबाइलची वेगळी आवृत्ती, छापण्याजोग्या प्रतीचे दुवे तिथे नसतात. सर्व्हरचे निदान १२ महिन्यांचे लॉग (कुठलं पान कधी मागितलं गेलं त्याची नोंद), जुने साइटमॅप (शोधयंत्रांसाठीची पत्त्यांची यादी) आणि सर्च कन्सोल (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) या तिन्हींची बेरीज करा. सर्च कन्सोल १६ महिन्यांपर्यंतचीच माहिती ठेवतं आणि पडद्यावरून एका वेळी १,००० ओळीच उतरवू देतं, त्यामुळे मोठ्या साइटला एपीआय (प्रोग्रॅमने माहिती ओढण्याची सोय) वापरावाच लागतो.

प्रत्येक जुना पत्ता थेट नव्या पत्त्यावर, ३०१ ने, म्हणजे 'कायमचा हलवला' या संकेताने. ३०२ नको, तो तात्पुरता असतो. साखळीही नको: २०१२ चा पत्ता २०१७ च्या पत्त्यावर, तो आजच्यावर, असं ठेवलं तर प्रत्येक उडीला वाचकाचा वेळ जातो आणि मधली एक कडी तुटली की सगळंच तुटतं. आणि जुळणारा लेख सापडला नाही म्हणून सरसकट मुखपृष्ठावर पाठवणं हा सर्वांत आवडता आळस. गूगल त्याला 'सॉफ्ट ४०४', म्हणजे नसलेलंच पान, समजतं आणि वाचक वैतागून परत जातो. लेख खरंच नसेल तर सरळ ४०४ (सापडलं नाही) किंवा ४१० (काढून टाकलं) द्या. हे ३०१ किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी म्हणेन काढूच नका, त्यांचा खर्च नगण्य असतो.

तारखांकडे विशेष लक्ष. आयात करताना लेखाची प्रकाशनतारीख म्हणून आयातीची तारीख पडली, तर वीस वर्षांचे लेख 'आज प्रसिद्ध' होतात, आरएसएस फीडमध्ये (नव्या लेखांच्या आपोआप जाणाऱ्या यादीत) सांडतात आणि नोटिफिकेशन जोडलेलं असेल तर वाचकांच्या फोनवर धाड पडते. आयात संपेपर्यंत फीड, नोटिफिकेशन आणि ईमेल तिन्ही बंद ठेवा. दुसरी गोम वेळेच्या पट्ट्याची. जुनी प्रणाली स्थानिक वेळ साठवायची आणि नवी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), असं असेल तर यूटीसीच्या पुढे असलेल्या प्रदेशात पहाटे टाकलेला लेख आदल्या दिवसात जातो. पत्त्यात तारीख असेल तर तो पत्ता मेला. चाचणीसाठी मुद्दाम पहाटे १ ते ५ मधले लेख निवडा, दुपारचे निवडलेत तर चूक दिसणारच नाही.

जुने अंक, वर्गणी, जाहिराती यांवर जाणकारांनी भर घालावी.

साधी शंका

वाचनखूण साठवली. एक विचारतो: देवनागरी पत्ते ठेवावेत की रोमन?

ओळंबा

@साधी शंका, दोन्ही चालतात, पण देवनागरीची किंमत माहीत असू द्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं आणि पत्त्यात टक्क्याच्या चिन्हांसह लिहिलं की ९ अक्षरांचं होतं. वर्डप्रेसमध्ये स्लगचा (पत्त्यातल्या शब्दांच्या भागाचा) रकाना २०० अक्षरांचा आहे. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं, त्यात मात्रा आणि हलन्तही मोजले जातात. मथळा तीन-चार शब्दांतच कापला जातो, आणि सारखी सुरुवात असलेल्या मथळ्यांना मागे -२, -३ लागत जातं. यावर सोपा तोडगा म्हणजे पत्त्यात लेखाचा क्रमांक ठेवायचा आणि ओळख क्रमांकावरूनच पटवायची. मग शब्दांचा भाग बदलला तरी लेख सापडतो.

खिळेजुळारी

जुन्या अंकांबद्दल. इथे घाई केली की दोनदा पैसे जातात, कारण पुन्हा स्कॅन करायला बांधीव खंड पुन्हा उघडावे लागतात आणि जुना कागद ते दरवेळी सोसतोच असं नाही.

वृत्तपत्राच्या कागदासाठी ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), ८ बिट ग्रेस्केल (करड्या छटा). अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वृत्तपत्र प्रकल्पातही हेच प्रमाण आहे. फक्त काळा-पांढरा स्कॅन घेऊ नका. फाइल लहान होते हे खरं, पण पिवळ्या पडलेल्या कागदावर बारीक टाइप तुटतो आणि छायाचित्रांचा चिखल होतो. मागच्या पानाची शाई पुढे दिसत असेल तर पानामागे काळा कागद ठेवा. बांधणीच्या घडीत अक्षरं वाकतात, म्हणून खंड पूर्ण सपाट दाबण्यापेक्षा व्ही-आकाराचा पाळणा असलेला स्कॅनर घ्या.

जागेचा हिशेब आधीच करा. १५ × २२ इंचांचं पान ४०० डीपीआयला ६,००० × ८,८०० पिक्सेल, म्हणजे दाबून लहान न केलेली टिफ फाइल सुमारे ५३ एमबी. १२ पानी दैनिक वर्षाचे ३६५ दिवस धरलं तर ४,३८० पानं, जवळपास २३० जीबी. दहा वर्षांचे सव्वादोन टीबी, आणि प्रती तीन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल बदलली की बदलणारा अंकी ठसा) स्कॅनच्याच दिवशी काढून वेगळ्या यादीत ठेवा आणि ठरावीक काळाने ताडून पाहा. नाहीतर खराब झालेली फाइल मुकाट्याने तिन्ही प्रतींत जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

ओसीआर (चित्रातली अक्षरं वाचणारी प्रणाली) बहुतेक वेळा अक्षर ओळखण्यात मार खात नाही, स्तंभ ओळखण्यात खातो. दोन स्तंभांमधली रेघ पुसट असली की पहिल्या स्तंभाची ओळ थेट दुसऱ्यात घुसते आणि मजकुराची खिचडी होते. म्हणून आधी पानाचे तुकडे पाडायचे, मग अक्षरं वाचायची. निकाल आल्टो एक्सएमएलमध्ये ठेवा. त्यात प्रत्येक शब्दाची पानावरची जागा असते, त्यामुळे शोध घेतल्यावर नेमका शब्द रंगवून दाखवता येतो. नुसता मजकूर ठेवलात तर ही सोय कायमची गेली.

आता दुखरी नस. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर. तिथे अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चाराच्या क्रमाने नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. 'निर्मिती' हा एकच शब्द घेऊन परिवर्तकाची परीक्षा घ्या: त्यात ऱ्हस्व वेलांटी दोनदा व्यंजनाच्या नंतर न्यायची आहे आणि रफार 'म'च्या आधी आणायचा आहे. हा शब्द नीट आला की 'शार्ङ्गधर', 'कर्त्री', 'वैशिष्ट्य' चालवा. दुसरा त्रास असा की एकाच फाइलमध्ये दोन फॉन्ट असतात, आणि नुसता मजकूर कॉपी केला की कुठला तुकडा कोणत्या फॉन्टमधला हे कळत नाही. रोमन शब्दांचं देवनागरी कडबोळं होतं ते त्यामुळेच. मूळ पानमांडणीची फाइल उघडून फॉन्टच्या नावासकट मजकूर बाहेर काढा, मगच परिवर्तन.

'ॲ' दोन प्रकारे साठवला जातो, एकसंध किंवा 'अ' वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण युनिकोडच्या सामान्यीकरणात ते एक होत नाहीत. म्हणजे 'ॲसिड' शोधलं तर अर्धे लेख सापडतच नाहीत. हा बदल स्वतःचा नियम लिहून करावा लागतो.

रात्रपाळी

+१. खिळेजुळारी, हक्कांचा मुद्दा राहिला. साठा खुला करण्याआधी बाहेरच्या लेखकांचे करार बघा. न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध टासिनी या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केलं, की मुक्त लेखकाने अंकासाठी दिलेला लेख सुटा करून इलेक्ट्रॉनिक डेटाबेसमध्ये टाकायला त्याची वेगळी परवानगी लागते. कायदा देशागणिक वेगळा, पण प्रश्न सगळीकडे हाच. संस्थांकडून विकत घेतलेली छायाचित्रं तर बहुधा एका वापरापुरतीच असतात. पूर्ण पानाचं चित्र आणि सुटा लेख या दोन गोष्टी वेगळ्या धरून प्रत्येक नोंदीला हक्काचा रकाना ठेवा: आमचा, लेखकाचा, संस्थेचा, अनिश्चित. 'अनिश्चित' असलेलं बाहेर जाणार नाही असा नियम सीएमएसमध्येच बसवा, माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नका.

आता संपादकीय कामाबद्दल. छपाईची वेळ रात्रीची, म्हणून बातम्या रात्री तयार होतात आणि वाचक सकाळपासून वेबवर शिळं वाचतो. यावर 'वेब डेस्क' नावाची वेगळी टोळी बसवली की एकाच बातमीच्या दोन प्रती होतात. मग दुरुस्ती एकीत होते, दुसरीत राहते. बातमी एकदाच, एका क्रमांकाखाली लिहायची. वेब आणि छापील पान ही तिची दोन रूपं. मथळ्याचे रकाने मात्र दोन हवेत. छापील पानावर 'अखेर ठरलं!' चालतं, शेजारी छायाचित्र असतं, वर पट्टी असते. शोधनिकालात किंवा नोटिफिकेशनमध्ये त्या दोन शब्दांना काहीच अर्थ उरत नाही.

छायाचित्रांत दोन चुका रोजच्या. छपाईसाठीची सीएमवायके जेपेग तशीच चढवली जाते आणि वाचकाला भडक किंवा विचित्र रंग दिसतात. वेबसाठी एसआरजीबी. दुसरी म्हणजे आकार कमी करताना सर्व्हर आयपीटीसीची माहिती पुसून टाकतो, त्यात छायाचित्रकाराचं नाव आणि हक्क असतात. ती राखण्याची खूण चालू आहे का ते तपासा. गूगल डिस्कव्हरमध्ये मोठं चित्र यावं असं वाटत असेल तर रुंदी किमान १,२०० पिक्सेल आणि पानावर 'मॅक्स-इमेज-प्रीव्ह्यू : लार्ज' हवं.

चुकीची दुरुस्ती वेबवर झाली तरी ई-पेपरच्या पीडीएफमध्ये चूक तशीच असते. पीडीएफ बदलू नये, ती छापलेल्या अंकाची नोंद आहे. त्या पानाच्या वर दुरुस्तीची सूचना आणि नव्या लेखाचा दुवा द्यावा.

बेरीजवजाबाकी

वर्गणीवर. पेवॉलचे (पैसे न देणाऱ्याला लेखापाशी अडवणाऱ्या भिंतीचे) प्रकार सगळ्यांना माहीत आहेत. फायनान्शियल टाइम्सने २००७ मध्ये मीटर (ठरावीक लेख फुकट, पुढे पैसे) लावला. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये महिन्याला २० लेख फुकट ठेवून सुरुवात केली, पुढच्या वर्षी १० केले. लंडनच्या द टाइम्सने २०१० मध्ये सरळ दार बंद केलं. गार्डियनने दार उघडं ठेवून वाचकांकडे योगदान मागितलं. यातलं कुठलं चांगलं हा वाद निष्फळ आहे. आधी आपले आकडे काढा.

९० दिवसांची नोंद घ्या आणि महिन्याला १, २, ३, ५, १० लेख वाचणारे किती ते मोजा. बहुतेक ठिकाणी १-२ लेख वाचून जाणाऱ्यांचीच गर्दी असते. १० लेखांचा मीटर लावला तर भिंत कुणालाच दिसत नाही आणि मग 'आमचे वाचक पैसे देत नाहीत' असा निष्कर्ष काढला जातो. त्यांना कधी विचारलंच नव्हतं! मीटरचा आकडा असा निवडा की नियमित येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना महिन्यातून एकदा तरी भिंत लागेल.

तांत्रिक बाजू. मजकूर पूर्ण पाठवून वर पडदा टाकणं म्हणजे कुलूप नव्हे. जावास्क्रिप्ट बंद केली की लेख उघडा. मजकूर सर्व्हरवरच रोखा. पण गूगलच्या बॉटला (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला) पूर्ण मजकूर आणि वाचकाला अर्धा, हे क्लोकिंग म्हणजे शोधयंत्राची फसवणूक धरलं जाऊ शकतं. म्हणून पानाच्या संरचित माहितीत 'इझ-ॲक्सेसिबल-फॉर-फ्री' हा गुणधर्म 'फॉल्स' करून कुठला भाग बंद आहे ते सांगावं लागतं. बॉटची ओळख नुसत्या नावावरून पटवू नका, नाव कुणीही लावतं. आयपी पत्ता उलटा शोधून खात्री करा. खासगी विंडोत मीटर शून्यापासून सुरू होतो, त्यावर खटपट करण्यात अर्थ नाही. तिसऱ्या लेखाला फुकट नोंदणी मागा, ईमेल मिळतो आणि मोजणी पक्की होते.

गळती. महिन्याला ५ टक्के सदस्य गेले तर ऐकायला थोडे वाटतात, पण वर्षाअखेर १०० पैकी ५४ उरतात. ३ टक्के असेल तर ६९. या दोन टक्क्यांसाठी जितकी मेहनत घ्याल ती नव्या सदस्यांच्या जाहिरातीपेक्षा स्वस्त पडते. गळतीतला मोठा भाग लोकांनी ठरवून सोडलेला नसतोच: कार्डाची मुदत संपली, खात्यात पैसे नव्हते, बँकेने व्यवहार नाकारला. पहिल्या अपयशालाच प्रवेश तोडू नका. ७ ते १४ दिवसांची सवलत द्या, त्या काळात तीन-चार वेळा, वेगवेगळ्या दिवशी आणि वेगळ्या तासाला पुन्हा प्रयत्न करा. 'कार्ड हरवलं' किंवा 'चोरीला गेलं' असा नकार आला तर मात्र पुन्हा प्रयत्न नको, बँका अशा व्यापाऱ्यावर खूण करतात. कार्डाची मुदत संपण्याच्या महिनाभर आधी ईमेल पाठवा.

आणि गळती सरासरीत पाहू नका. सवलतीच्या दराने आलेले लोक सवलत संपते त्या महिन्यात भराभर जातात. कुठल्या महिन्यात, कुठल्या दराने आले, त्याप्रमाणे गट पाडून पाहा.

तिसरी घंटा

ओळंबा, ॲपबद्दल थोडं जास्तच कडक बोललात. रोज येणारा वाचक ॲपमध्येच टिकतो. नोटिफिकेशन, ऑफलाइन वाचन, एकदाच लॉगिन. ब्राउझरमध्ये दर महिन्याला बाहेर फेकलं गेलं की सशुल्क सदस्यही चिडतो.

बेरीजवजाबाकी

@तिसरी घंटा, ॲप नको असं नाही, ॲपमधून विक्री आधी नको. ॲपल वर्गणीतून पहिल्या वर्षी ३० टक्के घेतं, सलग एक वर्ष टिकलेल्या सदस्यामागे १५. लहान कंपन्यांसाठीच्या योजनेत, वर्षाची कमाई १० लाख डॉलरच्या आत असेल तर, पहिल्यापासून १५. टक्क्यांपेक्षा मोठी अडचण म्हणजे तिथे घेतलेल्या वर्गणीत सदस्याचा ईमेल आपोआप तुमच्याकडे येत नाही, पैसे परत द्यायचे तर तुमच्या हातात नसतं, आणि कार्ड अडकलं तर पुन्हा प्रयत्न कधी करायचा हेही ॲपलच ठरवतं. वेबवर विका, ॲपमध्ये वाचू द्या.

टपालखातं

ईमेलवर थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० च्या वर ईमेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (पत्र खरंच तुमच्या डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या व्यवस्था) तिन्ही लागतात, एका टिचकीत पत्रं बंद करण्याची सोय लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. सगळ्यात चुकणारी गोष्ट: डीकेआयएम सेवा देणाऱ्याच्या डोमेनने केलेलं असतं, तुमच्या नव्हे. मग डीमार्कची जुळणी होत नाही आणि सगळं 'पास' दिसूनही पत्रं स्पॅममध्ये जातात.

नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी लाखभर पत्रं सोडू नका. सर्वांत नियमित उघडणाऱ्या काहीशे लोकांपासून सुरुवात करा, दोन-चार आठवड्यांत वाढवत न्या. 'ओपन रेट'वर विसंबू नका. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आणलेल्या मेल गोपनीयतेमुळे पत्रातली चित्रं ॲपलच्या सर्व्हरवर आधीच उतरवली जातात, वाचकाने पत्र उघडलं नसलं तरी. दुव्यावरच्या टिचक्या मोजा.

साधी शंका

जाहिरातींचं कुणी लिहीत नाही. पान उघडताना मजकूर खाली सरकतो तो प्रकार कसा थांबवायचा?

ओळंबा

जाहिरात येण्याआधीच तिची जागा राखून ठेवायची, बस. सीएसएसमध्ये त्या चौकटीला किमान उंची द्या, ३०० × २५० ची जाहिरात असेल तर २५० पिक्सेल. एका जागी वेगवेगळ्या आकाराच्या जाहिराती येत असतील तर नेहमी येणाऱ्या सर्वांत मोठ्या आकाराएवढी. जाहिरात आली नाही तरी चौकट मिटवू नका, त्यानेही मजकूर उडतो. गूगलच्या मोजणीत सीएलएस (मजकुराची सरकासरक) ०.१ च्या आत, एलसीपी (मुख्य मजकूर दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत आणि मार्च २०२४ पासून आयएनपी (टिचकीला प्रतिसाद मिळायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर 'चांगलं' धरतात. ही मोजणी खऱ्या वाचकांच्या ७५ व्या शतमकावर होते, म्हणजे १०० पैकी ७५ भेटींत तरी आकडा मर्यादेत हवा, म्हणून कार्यालयातल्या वेगवान संगणकावर पाहून समाधान मानू नका.

हेडर बिडिंगमध्ये (एका जाहिरातजागेसाठी अनेकांच्या एकाच वेळच्या लिलावात) बोली लावणारे वाढवले की कमाई वाढेल असं वाटतं. पाच-सहाच्या पुढे प्रत्येक नवा भिडू बहुधा थोडेच पैसे आणि बरीच जावास्क्रिप्ट आणतो. आयएनपी बिघडतो तो इथेच. एकेकाला आठवडाभर बंद करून प्रति सत्र कमाई बघा, प्रति जाहिरात नव्हे. एड्स.टीएक्सटी फाइल (तुमच्या जाहिरातजागा कोण विकू शकतं त्याची यादी) मुख्य डोमेनच्या मुळाशी हवी. नवं सीएमएस आलं की ही फाइल हमखास मागे राहते आणि दोन दिवसांत बोल्या आटतात.

रात्रपाळी

एआय बॉटचा एक गैरसमज दूर करतो, कारण प्रत्येक बैठकीत निघतो. रोबोट्स.टीएक्सटीमध्ये (बॉटनी कुठे येऊ नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'गूगल-एक्स्टेंडेड' अडवलं म्हणजे गूगलच्या शोधातल्या एआय सारांशांतून आपण बाहेर पडलो, असं नाही. ते गूगलच्या जेमिनी या एआयच्या प्रशिक्षणासारख्या वापरांपुरतं आहे. शोधातले सारांश नेहमीच्या गूगलबॉटवर चालतात. तिथून मजकूर काढायचा तर 'नो-स्निपेट' लावावं लागतं, आणि मग शोधनिकालातला साधा उताराही जातो. ओपनएआयचा जीपीटीबॉट वेगळा, तो वेगळा अडवता येतो. रोबोट्स.टीएक्सटी ही विनंती आहे, कुंपण नाही. न जुमानणाऱ्यांना सर्व्हरवर किंवा सीडीएनवर (पानांच्या प्रती साठवून वाचकांना पोचवणाऱ्या सेवेवर) अडवावं लागतं.

साधी शंका

शेवटचं. नवं संकेतस्थळ सुरू करायच्या रात्री नेमकं काय तपासायचं?

ओळंबा

पहिलं, चाचणीच्या साइटवरचं 'नो-इंडेक्स' (शोधात दाखवू नका) आणि रोबोट्स.टीएक्सटीमधला सरसकट 'डिसअलाउ' निघालाय का. दोन्ही वेगवेगळे तपासा. रोबोट्सने अडवलेलं पान बॉट वाचतच नाही, त्यामुळे त्यावरची नो-इंडेक्सची खूण त्याला दिसत नाही, आणि आदल्या दिवशी सगळं ठीक वाटतं.

मग लॉगमधले सर्वाधिक वाचले गेलेले १,००० जुने पत्ते एका स्क्रिप्टने चालवा. प्रत्येकाला एकच ३०१ आणि त्यानंतर २०० (पान मिळालं) मिळायला हवा. कॅनॉनिकल खूण (पानाचा मूळ पत्ता सांगणारी) चाचणीच्या डोमेनकडे तर बोट दाखवत नाही ना, ते पाहा. साइटमॅप नव्याने द्या, एका फाइलमध्ये ५०,००० पत्त्यांची मर्यादा आहे. बातम्यांचा साइटमॅप वेगळा, त्यात शेवटच्या दोन दिवसांचेच लेख आणि १,००० पर्यंत.

एक सशुल्क सदस्य, एक मुदत संपलेला आणि एक नोंदणी नसलेला, अशा तीन खात्यांनी तोच बंद लेख उघडून पाहा. सीडीएन कधी कधी सदस्याला दिलेलं पान साठवून सगळ्यांना वाटतं. सदस्याचं नाव वर छापलेलं पान अनोळखी माणसाला दिसलं, तर तो गळतीचा नाही, गोपनीयतेचा मामला होतो. लॉगिनची कुकी असेल तेव्हा साठवण टाळायची, हा नियम सीडीएनवर आहे का ते आधी बघा.

जुना सर्व्हर लगेच बंद करू नका. सुरुवातीचे काही आठवडे ४०४ ची यादी रोज सकाळी पाहा, वरच्या २० ओळी दुरुस्त करा. आणि शुक्रवारी रात्री सुरू करू नका, शनिवारी सीडीएनवाल्यांचा फोन कुणी उचलत नाही.